बंद करून पाहिलेला सर्व्हर

धरणाचा दरवाजा पूर आल्यावर पहिल्यांदा उचलून पाहायचा नसतो. येलदरीत हे कुणाला समजावून सांगावे लागणार नाही. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर बांधलेले हे मातीचे धरण १९६८ साली पूर्ण झाले. एकूण साठा ९३४.४४ दलघमी, त्यातला ८०९.७७ उपयुक्त आणि उरलेला मृत. सांडव्यावर दहा दरवाजे. पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन वीजसंच. आणि संचांतून सुटलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाऊन तिथून कालव्यांत. एवढ्या मोठ्या व्यवस्थेचा भरवसा ती वर्षभर शांत उभी असते यावर ठेवून चालत नाही. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा पाहणी व्हायलाच हवी, असे २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने सांगितले. पण दरवाजे हलवून पाहण्याची, तेलपाणी करण्याची, मोटार नाही फिरली तर हाताने काय करायचे ते ठरवून ठेवण्याची गरज कायद्याहून जुनी आहे. आवक वाढल्यावर दरवाजा किती उचलायचा हा निर्णय त्या रात्रीचा. तो उचलला जाईल की नाही, हा प्रश्न मात्र त्या रात्री पडता कामा नये.

ही पुस्तिका धरणाविषयी नाही. येलदरीसारख्या गावांतल्या पतसंस्था, शाळा, वाचनालये आणि दूध संकलन केंद्रे यांच्या कार्यालयात टेबलाखाली एक पेटी घरघरत असते, तिच्याविषयी आहे. तिला सगळे 'सर्व्हर' म्हणतात. आत लिनक्स असते, त्यावर पोस्टग्रेस, मारियाडीबी किंवा मायएसक्यूएल यांपैकी एखादा डेटाबेस, आणि त्या डेटाबेसात सभासदांची खाती, विद्यार्थ्यांचे दाखले, पुस्तकांची देवघेव, दुधाचे फॅट आणि त्यावरचे पैसे. पेटी बसवून देणारा माणूस परभणीचा, नाही तर संभाजीनगरचा. तो वर्षातून एकदा येतो. मधल्या काळात पेटी अडली की 'रीस्टार्ट मारा' हा एकच उपाय सगळ्यांना ठाऊक असतो, आणि तो मारताना सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. या पोटातल्या गोळ्याविषयीच मला बोलायचे आहे. माझे म्हणणे असे की रीस्टार्ट हा अडचणीच्या वेळचा तोडगा म्हणून शिकू नये. तो नित्याच्या देखभालीचा भाग म्हणून, ठरवून, दिवसाउजेडी करावा. ज्या संस्थेने आपला सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद करून तो पुन्हा नीट उठलेला पाहिलेला नाही, तिच्या हाती तो सर्व्हर अजून आलेलाच नाही, मग पावती कुणाच्याही नावावर असो.

भीती बहुधा अज्ञानातून येते, म्हणून आधी आत काय घडते ते पाहू. त्यासाठी आपल्याकडे एक चोख आणि जुनी व्यवस्था आधीच आहे: कीर्द आणि खतावणी. दुकानदार व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत टिपतो, ज्या क्रमाने घडला त्या क्रमाने. मग सवडीने तोच व्यवहार खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवतो. डेटाबेस नेमके हेच करतो. प्रत्येक बदल तो आधी एका लॉगमध्ये लिहितो आणि ती नोंद डिस्कवर पोचली की मगच 'व्यवहार पक्का' असे सांगतो. ही त्याची कीर्द. खात्यांची पाने, म्हणजे खतावणी, मात्र बराच वेळ मेमरीतच राहते, कारण दर व्यवहाराला मोठ्या वहीचे पान उघडून बसले तर दुकान चालायचे नाही. दर काही मिनिटांनी (पोस्टग्रेसमध्ये काही बदल केला नसेल तर पाच) तो मेमरीतली बदललेली सगळी पाने डिस्कवर उतरवतो आणि कीर्दीत एक रेघ मारतो: इथपर्यंतचे सगळे चढवले. या रेघेला चेकपॉइंट म्हणतात. आता समजा लाइट गेली. मेमरीतली खतावणी पुसली. पेटी पुन्हा सुरू झाली की डेटाबेस शेवटची रेघ शोधतो, तिथून पुढची कीर्द ओळीने वाचतो आणि राहिलेले सगळे पुन्हा चढवतो. अर्धवट राहिलेला व्यवहार तो मोजतच नाही. म्हणजे अचानक बंद पडणे हा या यंत्राने गृहीत धरलेला प्रसंग आहे. त्याच्यासाठीच तर दोन वह्यांचा हा खटाटोप.

एकच अट आहे, आणि ती मोठी आहे. कीर्द खरोखर डिस्कवर उतरलेली हवी. स्वस्तातल्या काही डिस्क 'उतरवले' असे सांगतात आणि मजकूर स्वतःच्या छोट्या मेमरीत धरून ठेवतात. लाइट गेली की तो मजकूर गेला. ही फसवणूक कार्यप्रणालीच्या पातळीवरही होऊ शकते, हे २०१८ साली पोस्टग्रेस तयार करणाऱ्यांच्या ध्यानात आले. लिनक्सला 'हे डिस्कवर उतरव' असे सांगितले, ते जमले नाही, म्हणून पुन्हा सांगितले, तर दुसऱ्या खेपेला लिनक्स कधीकधी 'झाले' असे उत्तर देत असे. वस्तुतः मजकूर हरवलेला असे. अनेक वर्षे हा डेटाबेस त्या उत्तरावर विसंबून होता. यावर २०१९ च्या सुरुवातीच्या सुधारित आवृत्त्यांत जो उपाय आला तो या पुस्तिकेच्या दृष्टीने फार बोलका आहे. उतरवण्यात चूक झाली की पुन्हा प्रयत्न करायचा नाही. डेटाबेसने स्वतःला तिथल्या तिथे कोसळू द्यायचे, नव्याने उठायचे आणि कीर्द वाचून खतावणी पुन्हा मांडायची. मेमरीत जे आहे त्यावर विश्वास उरला नाही की उभे राहण्याचा हट्ट धरण्यापेक्षा पडून उठणे अधिक प्रामाणिक, असा हा निर्णय. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांनीच रीस्टार्टला सुरक्षित जागा मानले आहे.

अर्थात सगळे रीस्टार्ट सारखे नसतात, आणि कार्यालयातला घोटाळा बहुतेक वेळा इथेच होतो. पोस्टग्रेस बंद करण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिलीत तो नव्या माणसाला आत घेत नाही, पण जे आत बसलेत ते आपणहून उठेपर्यंत थांबतो. एखाद्या क्लार्कने स्क्रीन उघडी ठेवून जेवायला जावे आणि सर्व्हरने तासभर त्याची वाट पाहावी, असे त्यातून होते. दुसरीत चालू कामे रद्द करतो, सगळ्यांना बाहेर काढतो, पाने डिस्कवर उतरवून रेघ मारतो आणि मग दिवा मालवतो. ९.५ या आवृत्तीपासून, वेगळे काही सांगितले नाही तर, हीच तऱ्हा वापरली जाते आणि नित्याच्या कामाला हीच योग्य. तिसरीत फुंकर मारल्यासारखा विझतो. पुढच्या वेळी उठताना कीर्द वाचावीच लागते. पेटीचे बटण दाबून धरणे किंवा प्लग ओढणे हे तिसरीच्याही पलीकडचे, कारण तिथे डेटाबेसला कुणी काही सांगितलेलेच नसते. 'रीस्टार्ट मारला' या दोन शब्दांत या चारही गोष्टी लोक कोंबतात, आणि मग एकाला रीस्टार्टचा गुण आला, दुसऱ्याला आला नाही, असे नवससायासासारखे किस्से तयार होतात.

त्यात भर लिनक्सच्या व्यवस्थापकाची. बहुतेक लिनक्सांवर सेवा सुरू-बंद करण्याचे काम सिस्टिमडी नावाचा कारभारी करतो. हा कारभारी शिस्तीचा आहे, पण उतावळा. एखादी सेवा ९० सेकंदांत 'मी तयार आहे' असे म्हणाली नाही, तर ती बिघडली असे समजून तो तिला मारून टाकतो. लाइट गेल्यावर उठणाऱ्या डेटाबेसला कीर्द वाचायला पाच मिनिटे लागणार असतील तर काय होईल? दीड मिनिटाने कारभारी त्याला मारतो, सांगून ठेवले असेल तर पुन्हा उठवतो, पुन्हा मारतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते डेटाबेस मोडला. आत तो बिचारा दरवेळी नीट काम करत होता, त्याला पुरे करू दिले नाही एवढेच. पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपत्रात ही मुदत काढून टाकावी असे स्पष्ट सुचवले आहे. एका ओळीचा बदल. पण तो बदल आधी करून ठेवला नसेल, तर तो करण्याची बुद्धी अंधारात, मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात, दाराशी सभासद उभे असताना होत नाही. दुसरी तितकीच क्षुल्लक आणि तितकीच घातक गोष्ट: सेवा 'सुरू करणे' आणि ती 'पेटी उठल्यावर आपोआप सुरू होईल असे सांगून ठेवणे' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. बसवून देणाऱ्याने पहिली दिली, दुसरी विसरला. सर्व्हर आठ महिने उत्तम चालतो. नवव्या महिन्यात पेटी बंद पडून उठते आणि डेटाबेस उठतच नाही.

माझ्या युक्तिवादाचा कणा इथे आहे. अखंड चाललेला सर्व्हर हा निरोगी सर्व्हर असतो, ही समजूत चुकीची आहे. 'आमचा सर्व्हर चारशे दिवस बंद नाही' असे अभिमानाने सांगितले जाते. ऐकणाऱ्याने त्यातून एवढेच समजावे की तो उठतो की नाही हे चारशे दिवसांत कुणी पाहिलेले नाही. या काळात संरचनेच्या फायलींत कुणी तरी काही तरी बदललेले असते. काही बदल ताबडतोब लागू होतात, काही फक्त रीस्टार्टनंतर. मेमरीचा वाटा किंवा एका वेळी किती जणांनी जोडले जायचे याची मर्यादा हे दुसऱ्या जातीचे. मार्चमध्ये केलेल्या बदलात एक अक्षर चुकले असेल तर त्याचा झटका जुलैत बसतो, आणि तोवर मार्च कुणाला आठवत नाही. (असे लागू व्हायचे राहिलेले बदल पोस्टग्रेस विचारले तर सांगतो, विचारत कुणी नाही.) सुरक्षेच्या दुरुस्त्या डिस्कवर येऊन पडलेल्या असतात, पण चालू असलेली सेवा मेमरीतल्या जुन्याच प्रतीवर चालत राहते. बॅकअपसाठी लावलेली डिस्क हाताने जोडलेली असते. पेटी उठेल तेव्हा ती जोडली जाणार नाही. यांतले काहीही चालू सर्व्हरवर दिसत नाही. हे सगळे कर्ज पहिल्या रीस्टार्टच्या दिवशी एकरकमी वसूल होते, आणि तो दिवस आपण निवडला नसेल तर महावितरणची लाइन निवडते.

मराठीत नोंदी ठेवणाऱ्यांना यातला एक प्रकार खास सांगायला हवा, कारण इंग्रजीत काम करणाऱ्यांना तो उशिरा टोचतो. नावांचा वर्णानुक्रम कसा लावायचा हे डेटाबेस पुष्कळदा स्वतः ठरवत नाही, लिनक्सच्या मूळ ग्रंथालयाला, म्हणजे त्याच्या सामायिक आज्ञावलींच्या संचाला (लायब्ररीला), विचारतो. २०१८ साली त्या ग्रंथालयाच्या २.२८ या आवृत्तीत हे अनुक्रम मोठ्या प्रमाणावर बदलले. डेबियन जातीचे लिनक्स वापरणाऱ्यांना तो बदल नववीवरून दहावी आवृत्ती घेताना मिळाला. आता जुन्या क्रमाने रचलेली नावांची सूची आणि नव्या क्रमाने शोधणारा सर्व्हर यांची गाठ पडते. परिणाम असा की सभासदाचे नाव यादीत आहे, पण शोधले तर सापडत नाही. मग क्लार्क ते पुन्हा नोंदवतो आणि एका माणसाची दोन खाती होतात. सूची नव्याने रचली की प्रश्न मिटतो. पण हा बिघाड सुरू होतो तो आवृत्ती बदलल्यानंतरच्या पहिल्या रीस्टार्टला, आणि तो रीस्टार्ट लाइट गेल्यामुळे अवचित झाला असेल तर दोन घटनांचा संबंध कुणाच्या डोक्यात येणार?

मोठ्यांची उदाहरणे इथे उपयोगी पडतात, कारण त्यांच्याकडे पैसा, माणसे आणि यंत्रे यांची वाण नसते. तरीही चूक तीच होते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस३ या साठवण सेवेत एका कर्मचाऱ्याने दुरुस्तीची आज्ञा देताना तिच्यातला एक तपशील चुकवला आणि हवे होते त्याहून पुष्कळ जास्त सर्व्हर काढले गेले. दोन मुख्य उपयंत्रणा पूर्ण रीस्टार्ट कराव्या लागल्या. सेवा पूर्ववत व्हायला चार तासांहून अधिक लागले आणि कंपनीने आपल्या खुलाशात कारण दिले ते असे: मोठ्या केंद्रांमध्ये या उपयंत्रणा अनेक वर्षांत पूर्णपणे रीस्टार्ट केलेल्याच नव्हत्या, दरम्यान साठा अफाट वाढला होता, आणि उठायला अपेक्षेहून जास्त वेळ लागला. तपशील चुकणे माणसाच्या हातून होणारच. उठायला किती वेळ लागतो हे माहीत नसणे टाळता आले असते. याहून गंभीर उदाहरण रणांगणावरचे आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धाहरान येथे पेट्रियट क्षेपणास्त्रयंत्रणा समोरून आलेले क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती. घड्याळाच्या हिशेबातली बारीकशी चूक साचत साचत सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली होती. फार वेळ चालू ठेवली तर दोष येतो, अशी सूचना तुकड्यांना आधी मिळाली होती. 'फार वेळ' म्हणजे किती हे तिच्यात नव्हते. दुरुस्त केलेली प्रणाली दुसऱ्या दिवशी पोचली. म्हणून या पुस्तिकेत 'अधूनमधून रीस्टार्ट करावा' असे वाक्य कुठेही नाही. जिथे सांगितले आहे तिथे वार आणि वेळ सांगितली आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: चालतंय ना, मग हात कशाला लावता? हा आक्षेप अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे. कारण ज्यांनी तो घेतला त्यांनी सर्व्हर फक्त बिघडलेला असतानाच बंद झालेला पाहिला, त्यामुळे बंद करणे आणि बिघडणे यांची त्यांच्या मनात गाठ बसली. माझे उत्तर एवढेच की हात लागणारच आहे. परभणी जिल्ह्यात वळवाच्या एका झोडपणीने तारा तुटतात, डीपी उडते, एखादा फेज जातो. पायथ्याशी वीज तयार होते म्हणून गावातली लाइट जात नाही असे होत नसते. संचांची वीज ग्रीडला जाते आणि गावाला आपल्या फीडरवरून मिळते. तेव्हा प्रश्न रीस्टार्ट व्हावा की नाही हा नाहीच. तो रविवारी सकाळी दहाला, ताजा बॅकअप हाताशी असताना व्हावा, की सोमवारी भर गर्दीत, हा आहे. देशाच्या वीजव्यवस्थेने हा धडा फार आधी लिहून ठेवला आहे. २०१० च्या भारतीय वीज ग्रीड संहितेत, संपूर्ण अंधारातून ग्रीड पुन्हा उभी करण्याच्या पद्धतीची रंगीत तालीम सहा महिन्यांतून निदान एकदा आणि त्यासाठी ठेवलेल्या डिझेल जनरेटरची चाचणी दर आठवड्याला घ्यावी, असे म्हटले होते. दोन वर्षांनी, ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, उत्तर आणि पूर्व भारत अंधारात गेला. दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या आसपास लोकांच्या प्रदेशात वीज नव्हती. ग्रीड कोसळण्यामागे नियम न पाळले जाणे हेही एक कारण होते, हे खरेच. पण ती पुन्हा उभी राहिली ती, एकेक तुकडा जोडण्याची रीत आधी ठरलेली होती म्हणून.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा असतो आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. रीस्टार्टने दुखणे झाकले जाते, बरे होत नाही. मेमरी गळत असेल, एखादी चौकशी (क्वेरी) अडकून बसली असेल, डिस्क भरत आली असेल, तर रीस्टार्टने चार दिवस बरे वाटते आणि पुरावा मात्र नष्ट होतो. हे पूर्ण मान्य. बिघाडावर औषध म्हणून वापरलेल्या रीस्टार्टबद्दल हे शंभर टक्के खरे आहे, आणि म्हणूनच देखभालीचा रीस्टार्ट वेगळा धरला पाहिजे. बिघाडाच्या वेळी क्रम असा हवा की आधी नोंद, मग रीस्टार्ट: त्या क्षणी कोण जोडलेले आहे, कोणती चौकशी किती वेळ चालू आहे, कोण कुणासाठी अडले आहे, डिस्कवर किती जागा उरली, लॉगच्या शेवटच्या शंभर ओळी काय म्हणतात. दोन मिनिटांचे काम आहे. विशेषतः डिस्क भरली असेल तर रीस्टार्ट निरुपयोगी आहे, कारण उठताना डेटाबेसला लिहायला जागा लागते. आणि घाईने जागा मोकळी करायला कुणी 'लॉग' हे नाव पाहून त्या फायली पुसल्या, तर त्याने रद्दी समजून कीर्दच जाळली. अशा पुसापुशीतून बुडालेले डेटाबेस बरे करण्याला उपाय जवळजवळ नसतो. ठरवून केलेल्या रीस्टार्टमध्ये हा धोका नाही, कारण तिथे लपवायला दुखणे नसते. उलट एरवी लपलेले दिसते.

तिसरा आक्षेप असा की बॅकअप आहे, मग भीती कशाची? इथे ३१ जानेवारी २०१७ ची गिटलॅब या कंपनीतली घटना वाचून दाखवावी. तिच्या एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुय्यम सर्व्हर समजून, मुख्य सर्व्हरवरची डेटाबेसची फाइलसाठवण पुसली. सुमारे ३०० जीबीपैकी चार-साडेचार उरली. बॅकअपच्या आणि प्रतिकृतीच्या पाच सोयी कागदावर होत्या. वेळेला त्यांतली एकही नीट उपयोगाची निघाली नाही. रोजचा बॅकअप घेणारा कार्यक्रम ९.२ आवृत्तीचा आणि डेटाबेस ९.६ चा, म्हणून तो रोज निमूट अपयशी होत होता. अपयशाची ईमेल पाठवली जात होती, पण टपालाच्या नियमांत न बसल्याने ती परत फिरत होती. वाचवले ते, सहा तास आधी भलत्याच कामासाठी कुणी हाताने घेतलेल्या एका प्रतीने. कंपनीने हे सगळे जगापुढे खुलेपणाने मांडले, याचे श्रेय तिला द्यायला हवे. बॅकअप ही फाइल नसून घटना आहे: दुसऱ्या पेटीवर ती उघडली, डेटाबेस उठला, सभासदांची संख्या जुळली, की मग बॅकअप आहे असे म्हणावे. तोवर ती नुसती जागा अडवणारी फाइल.

चौथा आक्षेप टाळून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल: हा सारा उपद्व्याप हवा कशाला, क्लाउडवर ठेवा की. ज्या संस्थेत दोन माणसेही शिकायला तयार नाहीत, तिने खुशाल ठेवावा. तिने ही पुस्तिका इथेच मिटली तरी माझी तक्रार नाही. पण क्लाउडने रीस्टार्ट नाहीसा होतो, हा समज काढून टाकावा. ॲमेझॉनची आरडीएस ही डेटाबेससेवा घेतली तरी आठवड्यातली निदान अर्ध्या तासाची देखभालीची वेळ नेमावी लागते. तुम्ही नेमली नाही तर ती स्वतः नेमते. म्हणजे जगातल्या सर्वांत मोठ्या विक्रेत्यानेही माझाच मुद्दा धरला आहे, फक्त बिल लावून. शिवाय गावात इंटरनेटची केबल तुटली तर क्लाउडवरचा डेटाबेस मुंबईत सुखरूप असतो आणि काउंटरवर पावती निघत नाही. स्वतःच्या जागेतला सर्व्हर अशा वेळी चालतो. लोकांची माहिती सांभाळण्याची जबाबदारी तर २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, पेटी कुठेही असली तरी, संस्थेवरच ठेवली आहे.

विजेबद्दल मात्र थोडे जास्त बोलायला हवे, कारण मराठवाड्यातल्या सर्व्हरच्या आजारांपैकी पुष्कळ तिथून येतात. यूपीएस घेतला म्हणजे काम झाले, असे धरून चालतात. यूपीएस दहा-पंधरा मिनिटे देतो. ती मिनिटे काम चालू ठेवायला नसून नीट बंद करायला असतात. त्यासाठी यूपीएस आणि पेटी यांच्यात एक यूएसबी केबल आणि लिनक्सवर एक छोटा फुकटचा कार्यक्रम लागतो, जो बॅटरी उतरत आली की डेटाबेसला सभ्यपणे बंद व्हायला सांगतो. बहुतेक ठिकाणी ती केबल खोक्यातच राहिलेली आढळेल. आणि बॅटरी: शिसे-आम्लाच्या बॅटरीचे आयुष्य २५ अंशांवर मोजलेले असते, दर आठ-दहा अंशांच्या वाढीला ते निम्म्यावर येते असा ढोबळ हिशेब आहे. परभणीच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीतल्या बॅटरीला कंपनीने लिहिलेली वर्षे लागू करू नयेत. तिची परीक्षा एकच: भिंतीवरचे बटण बंद करायचे आणि घड्याळ लावून बसायचे. हेही पुन्हा तेच, बंद करून पाहणे.

वेळापत्रक या पुस्तिकेत सविस्तर आहे. इथे त्यामागचा विचार एवढाच सांगतो. नुसत्या डेटाबेससेवेचा रीस्टार्ट महिन्यातून एकदा, सुटीच्या सकाळी. पेटी पूर्ण बंद करून, विजेसकट, वर्षातून दोनदा: एकदा मृग लागण्याआधी, एकदा दिवाळीनंतर. धरणाच्या पाहणीशी हा मेळ मुद्दाम साधला आहे, म्हणजे गावात तारीख वेगळी लक्षात ठेवावी लागणार नाही. मार्चअखेरीच्या आठवड्यात आणि खरिपाच्या पीककर्जवाटपात सर्व्हरला कुणीही हात लावायचा नाही. रीस्टार्टनंतर पहिली काही मिनिटे सगळे सावकाश चालेल, कारण मेमरी रिकामी असते आणि पाने डिस्कवरून नव्याने यायची असतात. तेवढ्यावरून बिघडले म्हणून दुसऱ्यांदा रीस्टार्ट करणे ही नवख्यांची हटकून होणारी चूक. आणि हे सगळे एका वहीत, शाईने: थांबवल्याची वेळ, उठल्याची वेळ, उठताना लॉगमध्ये काय म्हणाला, कोणी केले. वही कागदाचीच हवी. सर्व्हर उठत नसताना सर्व्हरवर ठेवलेली सूचनापत्रिका वाचता येत नाही.

या वहीतला 'कोणी केले' हा रकाना मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. गावातल्या संस्थेत सर्व्हरचे ज्ञान एका माणसाच्या डोक्यात असते. तो माणूस लग्नाला जातो, आजारी पडतो, पुण्याला नोकरी लागून निघून जातो. म्हणून दर दुसरा रीस्टार्ट ज्याला येत नाही त्याने करावा, आणि ज्याला येतो त्याने शेजारी खुर्ची घेऊन, कीबोर्डला हात न लावता बसावे. पहिल्या खेपेला अर्धा तास लागेल, दोनदा चुकीची आज्ञा दिली जाईल, एकदा पासवर्डाचे पाकीट कपाटाच्या कुठल्या खणात आहे यावरून वाद होईल. पाकिटाची जागाही त्याच दिवशी वहीत लिहून टाकावी.